तिकीट पुढे ढकललंय, रागावू नका

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र बाबांना मोठ्यांदा वाचून दाखव. त्यांनी डोळे ताणायचे नाहीत. फोनवर सांगायला धीर झाला नाही म्हणून लिहितेय. २५ मार्चचं तिकीट मी बदललं, आता २ मेला सांगलीत पोचेन. म्हणजे बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी तिथे नसेन. हे लिहितानाही हात जड झालाय. पण ऑपरेशन माझ्यासाठी थांबवायचं नाही. दादाने रजा टाकली आहे आणि मावशी आठ दिवस राहायला येतेय, मी दोघांशी बोलले.

कारण टॅक्सचं आहे, बाबांना लगेच कळेल. आपल्याकडे राज्य पगारातून व्यवसाय कर घेतं, वर्षाला फार तर २,५०० रुपये. इथे अमेरिकेत बऱ्याच राज्यांचा स्वतःचा इन्कम टॅक्स असतो, केंद्राचा वेगळा. आम्ही डिसेंबर २०२४ मध्ये न्यू जर्सीतलं एडिसन सोडून शेजारच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात आलो, ऑफिस मात्र न्यू जर्सीतच राहिलं. या दोन राज्यांचा १९७७ चा करार आहे: पगारावरचा टॅक्स राहत्या राज्याने घ्यायचा. त्यासाठी एनजे-१६५ नावाचा फॉर्म ऑफिसला द्यावा लागतो. तो मी दिला होता. त्यांनी पत्ता बदलला, टॅक्सचं राज्य बदललं नाही.

जानेवारीत डब्ल्यू-२ आला, म्हणजे इथला फॉर्म १६. वर माझा पेन्सिल्व्हेनियाचा पत्ता अगदी बरोबर आणि खाली १५ नंबरच्या चौकटीत ‘एनजे’, म्हणजे न्यू जर्सी. अख्ख्या वर्षाचा पगार तिकडचा दाखवलाय. दर महिन्याच्या पगारपत्रकावर ते छापलेलं होतं, मी खालची ओळ कधी पाहिलीच नाही. बाबा, जुलैत जेवणाच्या टेबलावर तुम्ही कागद मांडायचात, मी पासबुकातले आकडे वाचायची आणि तुम्ही लाल पेन्सिलीने टिक करायचात. एखादा आकडा घाईत वाचला की म्हणायचात, “मनू, परत वाच.” त्या दिवशी डब्ल्यू-२ हातात धरून तेच आठवत बसले.

इथे एकीने सांगितलं, न्यू जर्सीने कापलेलं पेन्सिल्व्हेनियात वजा करून घे. तसं चालत नाही. जो टॅक्स द्यायचाच नव्हता, त्याची वजावट दुसरं राज्य देत नाही. न्यू जर्सीत अनिवासी म्हणून रिटर्न भरून, तिथला पगार शून्य दाखवून, पैसे परत मागायचे. आणि पेन्सिल्व्हेनियाला ३.०७ टक्के, म्हणजे लाख डॉलरला ३,०७०, स्वतः भरायचे. वर आमच्या टाउनशिपचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, १ टक्का. न्यू जर्सीचे पैसे कधी येतील सांगता येत नाही, पेन्सिल्व्हेनियाचे मात्र १५ एप्रिलच्या आत गेले पाहिजेत. मुदतवाढ मिळते, पण ती रिटर्नला, पैशाला नाही. ऑफिसकडून दुरुस्त केलेला डब्ल्यू-२ सीसुद्धा अजून यायचाय, त्यासाठी रोज पगार विभागाच्या मागे लागतेय. तिथून फोनवर जमेल असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच ठरवलं होतं. पण सांगलीत मध्यरात्री फोनवर ताटकळत बसायचं आणि सकाळी बाबांच्या डोळ्यात थेंब घालायचे, यातलं एकही धड झालं नसतं. येईन तेव्हा पूर्ण तुमची म्हणून यायचंय.

पैशाची काळजी नको. दोन महिने हात जरा आखडेल, एवढंच. बाबा, एफडी मोडायची नाही. दादाकडे चौकशीही करायची नाही. ऑपरेशनचे पैसे मी त्याच्याकडे पाठवलेत, ते या भानगडीच्या आधीच बाजूला ठेवलेले होते.

आता नीट ऐका. थेंबांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोक्यावरून अंघोळ नाही, स्कूटर नाही, वाकून बागेतलं काही उपटायचं नाही. काळा चष्मा घरातसुद्धा. इन्व्हर्टरची बॅटरी मार्चमध्येच दाखवून घ्या, एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद पडायला नको. आई, तू गुडघ्याचा पट्टा लावल्याशिवाय जिना चढू नकोस आणि बाबांचं करता करता स्वतःची साखरेची गोळी विसरू नकोस. स्वयंपाकाच्या बाईंना महिनाभर दोन्ही वेळेला बोलावलंय, त्यांना ‘राहू दे, मी करते’ म्हणू नकोस. तुझ्या हातचा मऊ भात आणि मेतकूट मला मे महिन्यात हवंय, तोवर हात जप.

पट्टी निघाली की बाबा, मला व्हिडिओ कॉल करा. आधी तुम्हीच मला बघा.

आणि २ मेला स्टँडवर न्यायला यायचं नाही. मी रिक्षाने घरी येते.

तुमची,
मनू