सुमे, तुझा तो ताप

प्रिय सुमे,

दिवाळीनंतर माझी एक ओळ नाही, म्हणून शिव्या घालत असशील. घाल. गुडघा आहे तसाच आहे, ह्यांची साखर आटोक्यात आहे, आई अजून सगळ्यांवर डाफरते, म्हणजे उत्तम आहे. फोनच करणार होते, पण फोनवर तू हसून घालवलं असतंस. नाहीतर मी.

मुक्ताच्या कॉलेजात मिस फ्रेशर निवडतात. आपल्या वेळी फिशपाँड पडायचे, आता रॅम्प असतो. परवा जेवताना म्हणाली, "आई, मी नाव दिलंय." मी भाजी वाढत होते. वर न बघताच बोलून गेले, "अगं, उगाच हसं होईल."

ऐकलंस? तेच वाक्य. सूरही तोच असणार.

पोरगी काही बोलली नाही. उरलेली पोळी संपवली, ताट घासायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी कळलं, नाव काढून घेतलं. मी विचारलं तर म्हणाली, "सबमिशन आहे." सबमिशन पुढच्या महिन्यात आहे, मला माहीत आहे.

आणि याच मी, मे महिन्यात हैदराबादची मिस वर्ल्ड टीव्हीसमोर ठाण मांडून पाहिली. थायलंडची ओपल सुचाता जिंकली. सोळाव्या वर्षी छातीतली गाठ काढलेली मुलगी, आता स्तनाच्या कॅन्सरबद्दल बोलत फिरते. मी पदराने डोळे पुसत होते. मुक्ता म्हणाली, "आई, काम चांगलंय ना तिचं? मग त्यासाठी मुकुट कशाला लागतो?" मी म्हटलं, मुकुट नसता तर तू तिचं नाव ऐकलं असतंस का? ती म्हणाली, "हरनाझचं ऐकलं होतंस ना? पुढे काय झालं?" २०२१ ला मिस युनिव्हर्स झाली, काही महिन्यांत वजन वाढलं, तर लोकांनी सळो की पळो करून सोडलं. बिचारीला सिलिअ‍ॅक, गहू पचत नाही. जगातली सर्वांत सुंदर म्हणून डोक्यावर घेतलेली, आणि लोक तिच्या दंडाचे फोटो काढत बसले. मला उत्तर सुचलं नाही. चहा टाकायला उठले.

तुझे अण्णा आठवले. "आदर्शच पाहिजे तर रीटा फारिया घ्या. १९६६ ला मिस वर्ल्ड झाली आणि सिनेमात न जाता डॉक्टर झाली." आणि तू म्हणाली होतीस, "म्हणूनच तिला कोणी ओळखत नाही, अण्णा!" अण्णांनी पेपर आपटला होता.

पण आपली खरी भांडणं १९९४ ची. तू ऐश्वर्याची, मी सुश्मिताची. गोव्यात मिस इंडियाला दोघींचे गुण सारखे झाले, तेव्हा सुश्मिताला निवडलं हे तुला शेवटपर्यंत पटलं नाही. तिचा तो गाऊन सरोजिनी नगरच्या कापडाचा, परकर शिवणाऱ्या शिंप्याने शिवलेला, आणि हातमोजे पायमोज्यांचे, हे पुढे कळलं तेव्हा मी किती मिरवलं होतं तुझ्यापुढे, जणू मीच शिवले! आमची बाई रूपावर नाही, बुद्धीवर जिंकते, असं मी गावभर सांगत सुटले होते.

आणि त्याच डिसेंबरात गॅदरिंगला तू नाव दिलंस. तुझ्या मावशीच्या मोरपिशी साडीत तू काय दिसायचीस, ते मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "सुमे, उगाच हसं होईल." तू सावळी, म्हणून. हे तेव्हा मी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. आज लिहितेय.

मला सुश्मिताच्या आईची गोष्ट सारखी आठवते. ऐश्वर्या स्पर्धेत आहे हे कळल्यावर सुश्मिताने फॉर्म मागे घेतला होता, आणि तिची आई चिडली. हरायचंच तर जिला तू सर्वांत सुंदर समजतेस तिच्याकडूनच हर, असं काहीसं म्हणून तिला परत पाठवलं. तीस वर्षं मी त्या मुलीचं उत्तर पाठ केलं, गाऊन पाठ केला. तिची आई मात्र माझ्या लक्षातच आली नाही गं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, अभ्यास करेल." आणि मग, या स्पर्धा म्हणजे क्रीम-शाम्पूवाल्यांचा बाजार. खरंही आहे ते. १९९४ ते २००० मध्ये आपल्या सहा जणी जिंकल्या, आणि तेव्हाच आपल्या मोरीत सतरा बाटल्या आल्या. पण मी बाजाराचा विचार करून मुक्ताला अडवलं असतं तर मान ताठ ठेवून सांगितलं असतं. मी तिच्या दंडांकडे बघून अडवलं.

तुझ्या नव्या फ्लॅटचं काम कुठवर आलं? नागपूरच्या उन्हात वरचा मजला का घेतलास, हे विचारणार नाही. चिन्मयला आशीर्वाद, नोकरी टिकवायला सांग.

एकच विचारायचंय. गॅदरिंगच्या दिवशी तू आली नाहीस. ताप आहे, असा निरोप तुझ्या धाकट्या भावाने आणला. संध्याकाळी मी लिमलेटच्या गोळ्या घेऊन आले, तर तू पांघरूण घेऊन पडली होतीस. मी कपाळाला हात लावला नाही.

सुमे, ताप खरंच होता का?

तुझी,
वंदी