मयुरे, झोपतेस का वेळेवर

मयुरे,

हुतात्मा एक्सप्रेस सुटली तेव्हा तू खिडकीतून हात पण केला नाहीस, म्हणजे राग आहे अजून. आदल्या रात्री मी जास्तच बोललो. पण तू मम्मीला तोंडावर म्हणालीस की तुम्ही सगळे खरंच आहात हे मला सिद्ध करता येत नाही, ती भाकऱ्या थापत होती गं, तिला एवढंच कळलं की पोरगी म्हणते आई नाहीच. नंतर लई रडली. हे तुला सांगायचं नव्हतं, सांगून बसलो.

तुझी तत्त्वज्ञानाची निळी वही टीव्हीपाशी राहिली, मी वाचली, विचारलं नाही त्याबद्दल सॉरी. त्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं कळलं मला. 1641 चं पुस्तक ना ते, शेकोटीपाशी झगा घालून बसलोय असं स्वप्नात पण वाटतं मग आत्ता जागा आहे कशावरून, आणि कुणी दुष्ट शक्ती आभाळ, जमीन, आपले हातपाय सगळं खोटंच दाखवत असेल तर? मला हे येड्यासारखं नाही वाटलं. कारखाना बंद होऊन 6 वर्षं झाली तरी माझ्या कानात लूम चालूच आहे, पहिल्या वर्षी तर मी रात्री उठून गॅलरीत जायचो, एवढ्या रात्री माग कोण चालवतंय बघायला. मग मम्मीला उठवून विचारलं, तुला येतोय का आवाज? ती नाही म्हणाली. डॉक्टर नंतर. आता तू म्हणशील मम्मी पण त्याच स्वप्नातली असेल तर? याला माझ्याकडं उत्तर नाही. पण विचारायला माणूस शेजारी होतं. तू तिकडं कुणाला विचारतेस? तुझी रूममेट म्हणत होती रोज तीन वाजतात झोपायला. आत्याचं पण असंच सुरू झालं होतं, आधी झोप गेली मग बोलणं. जाऊ दे, आत्याचं काढणार नव्हतो.

देकार्त पण सहाव्या प्रकरणात सांगतोच की, स्वप्नातलं मागच्या आयुष्याला जोडलं जात नाही, जागेपणीचं जातं. देव आपल्याला फसवणार नाही हे त्याचं मला एवढं पटलं नाही, पण तुटलेलं सूत सांधताना कुठलं टोक कुठलं हे बोटांना कळतं, ते आठवलं.

आणि तो इंग्रज तत्त्वज्ञ मूर, 1939 साली भाषणात दोन हात वर करून म्हणाला हा एक हात हा दुसरा, म्हणजे बाहेर जग आहे. ते वाचून मला आपल्या सोलापूरची गड्ड्याची यात्राच आठवली. तू पाच वर्षांची, होम मैदानावर ही गर्दी, पाळण्यापाशी तू माझा समजून दुसऱ्याच माणसाचा हात धरून चालत होतीस, अगदी निवांत, फुटाणे खात. मग वर बघितलंस नि जे किंचाळलीस! मी चार पावलं मागंच होतो. चुकीचा हात आहे हे कळायला बरोबरचा माहीत असावा लागतो ना बाळा? मला एवढंच सुचतं. तुझे सर यात चूक काढतील, काढू दे.

तो स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम, त्याच्या पानावर तू लाल पेनानं 'हे उत्तर नाही' लिहिलंयस. त्याला पण या विचारांनी अंधारून यायचं, मग तो जेवायचा, मित्रांबरोबर बॅकगॅमन, म्हणजे सोंगट्यांचा खेळ, खेळायचा, तीन-चार तासांनी तेच विचार त्याला थंड नि ओढूनताणून आणलेले वाटायचे. नसेल उत्तर. पण माणूस जेवला तरी होता, तू मेसला जातेस का? बघ, परत लेक्चर सुरू झालं माझं, सॉरी. आपल्या घरात एवढं शिकलेलं कुणी नाही, तुझं अक्षर वाचताना मला दोनदा चष्मा पुसावा लागला. सोडू नकोस हा विषय. रात्री एकटीनं नको, एवढंच.

दाद्या शुक्रवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर वही, शेंगा चटणी नि कडक भाकरी देतो. मम्मीला फोन कर, त्या विषयावर नको, असाच कर. आणि रात्री तीनला जागी असलीस तर मला लाव, मी उठलेलाच असतो, फक्त जरा मोठ्यानं बोल, लूमच्या वर ऐकू यायला पाहिजे.

पप्पा