तक्रार : आगळ प्यायचं असतं, हे आपल्या ग्राहक सेवेला कळवावे

प्रति,
व्यवस्थापक,
फार्म स्टोअर आणि ग्राहक सेवा विभाग

विषय : फसफसलेलं कोकम आगळ, बाटलीवर एकावर एक चिकटवलेली दोन लेबलं आणि त्यावर मिळालेली उत्तरं

आत्ताच आपल्या ग्राहक सेवेशी बोलणं संपलं. फोन त्यांनी ठेवला. माझी तक्रार आपल्या नोंदीत 'समाधानकारकरीत्या निकाली' अशी दिसते, असं त्यांनीच जाता जाता सांगितलं. समाधान नक्की कोणाचं झालं ते कळलं तर बरं होईल. माझं झालेलं नाही.

मे महिन्यात गावाहून परतताना आपल्या तळकोकणातल्या, महामार्गालगतच्या स्टोअरमध्ये थांबलो. आंबापोळी, कुळथाचं पीठ, काजूगर आणि कोकम आगळाच्या एक लिटरच्या दोन बाटल्या घेतल्या. बिल सोबत जोडलं आहे. पीठ चांगलं निघालं, काजूगरांबद्दल तक्रार नाही, आंबापोळी जरा जास्तच गोड होती पण ते सोडून देते. पत्र आगळाबद्दल आहे.

आगळ म्हणजे काय, हे आपल्याला सांगायची गरज नसावी. पिकलेल्या रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं, मीठ आणि सुटलेला रस. साखर घातली की ते अमृत कोकम, ती वेगळी बाटली, आपल्याच शेल्फवर शेजारी उभी होती. आगळात मीठ हात राखून घालत नाहीत, कारण त्या मिठावरच ते पुढच्या रातांब्यांपर्यंत टिकतं. आमच्या माहेरी चिनी मातीच्या बरणीतलं आगळ गणपतीत काढतात, शिमग्याला काढतात, त्याला काही होत नाही. आपलं आगळ घरी आल्यावर आठवडाभरही तग धरू शकलं नाही. एका बाटलीचं बूच रात्री उडालं आणि ओट्यामागच्या भिंतीवर जे उमटलं ते अजून निघालेलं नाही. दुसरी बाटली फुगून तळाला गोल झाली आहे, उभी राहत नाही.

सांडलेलं पुसताना लेबल भिजून सुटलं आणि त्याखाली दुसरं लेबल निघालं.

वरच्या लेबलावर : कोकम, मीठ. बस. शिवाय नऊवारीतल्या आजींचं चित्र आणि 'आमच्या अंगणातून तुमच्या घरात'. खालच्या लेबलावर घटक असे : पाणी, साखर, कोकम अर्क, मीठ, आम्लता नियंत्रक, कृत्रिम रंग. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे सगळ्यात जास्त काय विकलंत ते आपणच छापून दिलं आहे. अन्न परवान्याचे (FSSAI) क्रमांकही दोन्ही लेबलांवर वेगवेगळे. त्या १४ आकड्यांत दुसरा-तिसरा आकडा राज्याचा असतो. खालच्या लेबलावरचे ते दोन आकडे महाराष्ट्राचे नाहीत. अंगण बरंच लांबवर पसरलेलं दिसतं.

उरलेल्या चार थेंबांत मी चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहिला. कोकमाचा स्वतःचा रंग सोड्याने पालटतो, जांभळट-निळसर होतो. आपल्या आगळाला फेस आला, फेस बसला, रंग होता तसा लालभडक. सोलकढी करून पाहण्याचं धाडस केलं नाही. नारळ महाग आहेत.

आता फोनबद्दल. आधीच्या फोनांत कोणी फोटो मागितले, कोणी तेच फोटो पुन्हा मागितले, कोणी बॅच क्रमांक मागितला. 'कुठल्या लेबलावरचा देऊ?' असं विचारल्यावर लाइन कट झाली. हे सगळं मी गिळलं असतं. आजचा फोन गिळता येत नाही, म्हणून तो जसा झाला तसा लिहिते.

आधी बराच वेळ कोंबडा आरवला. आपल्याकडे वाट पाहायला लावताना गाणं नाही, कोंबडा लावतात; मध्ये मध्ये एक बाई 'आपण आमच्या कुटुंबातले आहात' असं सांगते. मग एक मुलगा आला. नम्र होता, नावही सांगितलं, ते मी लिहीत नाही, कारण चूक त्याची नाही. त्याला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं : बूच, भिंत, दोन लेबलं. तो म्हणाला, "मॅम, फसफसणं हे नॅचरल असल्याचं लक्षण आहे. आमच्या प्रॉडक्टमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नसतात." मी म्हटलं, अरे बाळा, आगळात मीठ हेच ते काम करतं, आणि या बाटलीत साखर घातली आहे म्हणून ते आंबलं. तो म्हणाला, "एक मिनिट होल्ड करता का?" पुन्हा कोंबडा. परत येऊन विचारतो, "मॅम, हे प्रॉडक्ट आपण लावण्यासाठी वापरत होता की पिण्यासाठी?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय लावण्यासाठी?" "टाचांना, मॅम. स्क्रीनवर कोकम टाकलं की टाचांच्या भेगांसाठी असं येतं." म्हणजे मुठेल! कोकमाच्या बियांचं तेल काढून थिजवतात ते! ते कडक गोळ्यात मिळतं, बाटलीत नाही, आणि ते बूच उडवत नाही. मी त्याला हेही समजावलं. बिया वेगळ्या, साल वेगळी, तेल वेगळं, रस वेगळा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ओके मॅम, म्हणजे आपण प्यायलात. ज्यांना मार्केटच्या टेस्टची सवय असते त्यांना ऑथेंटिक कोकणी चव सुरुवातीला वेगळी लागू शकते."

माझा जन्म कुडाळ तालुक्यातला. लग्न होईपर्यंत दर उन्हाळ्यात रातांबे फोडून माझी बोटं जांभळी असायची. आणि मला ऑथेंटिक कोकणी चवीची सवय नाही, हे मला अशा माणसाने सांगितलं ज्याला आगळ प्यायचं की टाचांना चोळायचं हे ठाऊक नाही. मी म्हटलं, मला तुमच्या घरातल्या कोणाशी तरी बोलायचं आहे. ज्यांचं हे शेत आहे, ज्यांचा फोटो काउंटरच्या मागे लावलाय, त्यांच्याशी. तो म्हणाला, "मॅम, फॅमिली ब्रँडिंग टीम बघते." मग तक्रार निकाली निघाल्याचं सांगितलं, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवतो म्हणाला आणि फोन ठेवला.

कूपन आलं आहे. आगळावर लागू नाही, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे. निदान तिथे तरी कोणाला तरी माहीत आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगते. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार छापलेला तपशील बदलण्यासाठी वरून स्टिकर चिकटवता येत नाही. किंमत कमी करायला चालतं, तेही मूळ किंमत झाकता येत नाही. आपण तर अख्खी पाककृतीच झाकलीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे मला तक्रार करायला आपल्या गावी यावं लागत नाही, मी राहते त्या जिल्ह्याच्या आयोगात ती होते, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज तयार आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांकही माझ्याकडे आहे. तिथे कोंबडा नसेल अशी आशा करते.

खरं तर धमकी द्यायला मी बसले नव्हते. हेच दुकान पूर्वी घराच्या पडवीत होतं. दोन बाकं, वजनकाटा, आणि घरातलीच एक बाई स्टीलच्या पेल्यात आगळ-पाणी द्यायची, आधी प्या मग घ्या म्हणायची. लेबल नव्हतं, चिकटवायला काही नव्हतंच. आता पार्किंग आहे, सेल्फीसाठी रंगवलेली बैलगाडी आहे. दुकान वाढलं याचं मला वाईट वाटत नाही, गावातल्या चार मुलांना काम मिळालं. पण काउंटरवरच्या मुलाला 'हे कोण बनवतं?' असं विचारलं तेव्हा तो सहज म्हणाला, "माल गाडीतून येतो." रातांबे त्याच दिवसांत मागच्या परसात झाडाखाली पडून कुजत होते. मी स्वतः पाहिले. माल गाडीतून येतो आणि रातांबे परसात कुजतात, हा हिशोब मला कोणीतरी समजावून सांगावा.

मला हवं आहे ते असं : दोन्ही बाटल्यांचे पैसे परत, खालचं लेबल कोणाचं, याचं लेखी उत्तर, आणि या बॅचच्या बाटल्या शेल्फवरून उतरवल्याची खात्री, कारण त्या मुलाबाळांच्या घरी जात आहेत. कूपन नको. पुन्हा फोटो मागू नयेत, ते आपल्याकडे भरपूर आहेत. आणि त्या फोनवरच्या मुलाला पेलाभर खरं आगळ पाजा. प्यायला द्या, टाचांना नको.

दुसरी बाटली पुरावा म्हणून ठेवली आहे, बादलीत, गच्चीवर. तपासायला माणूस पाठवणार असाल तर या आठवड्यात पाठवा. त्यानंतर बुचाची हमी मी देऊ शकत नाही.

कळावे,
आपल्या 'कुटुंबातली' एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही लेबलं (वेगवेगळी करून), भिंतीचा फोटो