एल-वनच्या नावानं बोंब, पण स्पेक कोण लिहितं?

मा. संपादक, स. न.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे सरकारी कंपन्यांच्या खरेदीवर लेख आला होता, त्याचा सूर असा की टेंडरच्या कायद्यानं हातपाय बांधलेत म्हणून या कंपन्या मागे पडतात. मी अशाच एका कंपनीत पर्चेसला 29 वर्षं काढली, त्यामुळे राहवलं नाही.

एकतर केंद्राचा असा एक कायदा आहेच कुठं? 2012 ला बिल लोकसभेत आलं आणि 2014 ला ती लोकसभा संपली तसं बारगळलं. तामिळनाडू, कर्नाटक, राजस्थाननं आपापले कायदे केले, पण केंद्राच्या कंपन्या चालतात त्या स्वतःच्या पर्चेस मॅन्युअलवर, दक्षता आयोगाच्या सर्क्युलरवर आणि कोर्टाच्या निकालांवर. त्यातला मोठा निकाल आपल्या मुंबई विमानतळाचा, 1979 चा. एक रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवायचं टेंडर होतं, अट होती रजिस्टर्ड हॉटेलवाला आणि पाच वर्षांचा अनुभव, आणि काम दिलं अटीत न बसणाऱ्याला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, विमानतळ प्राधिकरण म्हणजे घटनेच्या दृष्टीनं 'राज्य'च, म्हणजे सरकारसारखंच, स्वतः घातलेली अट त्याला अशी मोडता येणार नाही. (केस करणाऱ्याच्या हाती मात्र काही लागलं नाही, कोर्टात उशिरा आला म्हणून!) तेव्हापासून खाजगी मालक जसा ओळखीच्या व्हेंडरला फोन लावून "माल पाठव, रेट नंतर बघू" म्हणतो तसं आम्हाला म्हणता येत नाही, आणि ते बरोबरच आहे, पैसा लोकांचा आहे.

आता एल-वनचं, म्हणजे सगळ्यात कमी रेट भरणाऱ्यालाच ऑर्डर द्यायची, त्याचं. आमच्याकडे पंपाचे मेकॅनिकल सील (शाफ्टपाशी पाणी गळू नये म्हणून बसवतात ते) यायचे, एल-वनचा माल, तीन महिन्यात गळती. सगळे म्हणायचे काय करणार, नियम आहे. एकदा मी जुना इंडेंट, म्हणजे मालाचं स्पेक लिहिलेलं मागणीपत्र, काढून बघितला तर त्यात नुसतं साईज आणि 'सूटेबल फॉर वॉटर' एवढंच, आणि आमचं पाणी रेतीचं. व्हेंडरनं कार्बन फेसचा, म्हणजे घासणारा भाग मऊ कार्बनचा असलेला, सील दिला, त्याचं काय चुकलं? पुढच्या वेळी मेंटेनन्सवाल्यांच्या मागे लागून दोन्ही फेस कडक सिलिकॉन कार्बाइडचे आणि 18 महिन्यांची गॅरंटी असं लिहून घेतलं. रेट चढला, ऑर्डर एल-वनलाच गेली, सील टिकले. ऑडिटनं एक क्वेरी काढली, दोन पानी उत्तर दिलं, विषय संपला. ऑक्टोबर 2021 मधे तर अर्थ मंत्रालयानंच काही कामांना नुसता रेट न बघता क्वालिटीला 30 टक्क्यांपर्यंत वेटेज द्यायला परवानगी दिली, ती फारशी कोणी वापरताना दिसत नाही कारण मार्क देणाऱ्याला सही करावी लागते आणि उद्या व्हिजिलन्सनं विचारलं की याला 8 आणि त्याला 6 का, तर? एल-वनला दिलं की कोणी विचारत नाही.

आणि जो नियम खरंच काटेकोर पाळायला हवा तो पेमेंटचा, त्यावर तुमच्या लेखात एक ओळ नाही. लहान उद्योगांकडून 25 टक्के खरेदी करायची, त्यांचा रेट एल-वनच्या 15 टक्क्यांच्या आत असेल तर एल-वनच्या रेटवर मालाचा वाटा द्यायचा, हे आकडे रिपोर्टमधे छान भरले जातात. पण 2006 च्या कायद्यानं त्यांचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसात द्यायचंय, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं दरमहा चक्रवाढ व्याज. माझ्या 29 वर्षांत एकाही व्हेंडरनं ते व्याज मागितलं नाही, पुढचं टेंडर त्याच टेबलावर उघडणार हे माहीत असतं ना. भोसरीचा एक जण बिलासाठी सात महिने फेऱ्या मारायचा, आला की आधी सगळ्यांना चहा सांगायचा आणि मग हळूच विचारायचा, "साहेब, माझी फाईल कुठवर आली?"

– एक निवृत्त पर्चेसवाला, डोंबिवली