स्मर्फच्या तळव्यावरचे साल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या खेळण्यांच्या संग्रहाविषयी आलेला लेख आवडीने वाचला. मात्र त्यात नवख्या संग्राहकांना दिलेला एक सल्ला, म्हणजे बाहुलीच्या तळाशी उमटवलेले साल पाहून तिचे वय ठरवावे आणि त्याप्रमाणे किंमत मोजावी हा, चुकीचा आहे आणि त्यापायी वाचकांचे पैसे जातील, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी मूळचा डोंबिवलीचा. गेली २२ वर्षे स्टुटगार्टमध्ये राहतो (मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरे आहेत, हे येथील मराठी माणूस प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी ऐकवतोच) आणि त्यांतली बरीचशी वर्षे शनिवारच्या जुन्या बाजारांतून स्मर्फच्या बाहुल्या गोळा करण्यात गेली आहेत.

स्मर्फ हे निळे, पांढऱ्या टोपीचे बुटके लोक बेल्जियन चित्रकार पेयो यांनी १९५८ मध्ये ‘स्पिरू’ या साप्ताहिकातील एका चित्रकथेत प्रथम आणले. त्यांच्या साधारण पाच सेंटिमीटर उंचीच्या पीव्हीसीच्या बाहुल्या १९६५ पासून श्लाइख ही जर्मन कंपनी करू लागली. तिचे श्वेबिश ग्म्युंड हे गाव माझ्या घरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. १९७० च्या दशकात काही काळ बुली या दुसऱ्या जर्मन कंपनीनेही त्या काढल्या. त्याच दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये नॅशनल बेन्झोलच्या पेट्रोल पंपांवर स्मर्फ मिळू लागले, अमेरिकेत वॉलेस बेरी या कंपनीने ते विकायला घेतले, आणि १९८१ मध्ये हॅना-बार्बेराची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाल्यावर मागणी आणखी वाढली. त्यामुळे काम जर्मनीपुरते राहिले नाही आणि हाँगकाँग, पोर्तुगाल, श्रीलंका, पुढे चीन अशा निरनिराळ्या ठिकाणी त्याच बाहुल्या तयार झाल्या. एकाच आकृतीच्या निरनिराळ्या नगांतील रंगांच्या आणि खुणांच्या ज्या फरकांना संग्राहक भेद म्हणतात, ते बहुतेक सारे या पसाऱ्यातून आले आहेत.

आता सालाविषयी. बाहुलीच्या पायाशी किंवा पाठीवर ‘पेयो’ या नावाजवळ जे साल दिसते, ते त्या आकृतीच्या स्वामित्वहक्काचे साल असते आणि ते पोलादी साच्यातच कोरलेले असते. साचा महाग असल्यामुळे तो वर्षानुवर्षे वापरला जातो. त्यामुळे १९७८ हे साल असलेली बाहुली १९७८ मध्ये निघालेली असू शकते, तशीच ती १९९५ मध्येही निघालेली असू शकते. खरे वय सालाच्या आजूबाजूला असलेल्या खुणांवरून कळते. ‘डब्ल्यू. जर्मनी’ (पश्चिम जर्मनी) ही अक्षरे जर्मनीच्या एकीकरणाआधीची, म्हणजे ऑक्टोबर १९९० पूर्वीची. मात्र जुना साचा न बदलता पुढेही चालवला गेला असेल ही शक्यता धरून हा पुरावाही जपूनच वापरावा. ‘सीई’ ही युरोपीय नियमांचे पालन झाल्याची अक्षरे मात्र बरेच काही सांगून जातात, कारण खेळण्यांच्या सुरक्षिततेविषयीचा युरोपीय नियम १९९० पासून लागू झाला आणि त्यापूर्वीच्या खेळण्यावर ही खूण असण्याचे कारणच नाही. ‘डब्ल्यू. बेरी’ हे वॉलेस बेरीचे नाव असेल तर ती बाहुली अमेरिकेच्या बाजारासाठी काढलेली होती. कधी कधी जुनी अक्षरे साच्यातच खरवडून काढलेली असतात आणि त्यांच्या जागी नुसता खडबडीत पट्टा दिसतो. मला स्वतःला अशा बाहुल्या सर्वांत जास्त आवडतात, कारण साचा या हातातून त्या हातात फिरल्याची ती साक्ष असते.

नाणी जमवणाऱ्या वाचकांना हे सारे ओळखीचे वाटेल. आपल्या नाण्यावर सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असली की ते मुंबईच्या टांकसाळीतले, तारा असला की हैदराबादचे, ठिपका असला की नोएडाचे आणि काहीच नसले की कोलकात्याचे, हे ते जाणतातच. काही स्मर्फांच्या तळव्यावरही रंगाचा बारीक ठिपका असतो आणि रंगकाम कोठे झाले ते त्यावरून ओळखावे, असे संग्राहक मानतात. फरक इतकाच, की टांकसाळीचे नियम छापील असतात आणि येथे शेकडो बाहुल्या शेजारी शेजारी ठेवून ते आपले आपण ताडावे लागतात.

रंगाच्या बाबतीत लेखात एक वाक्य लिहून विषय सोडला आहे, पण खरी गंमत तेथेच आहे. पेणच्या कारखान्यात एकाच साच्यातून निघालेल्या गणेशमूर्तींचे भाव डोळे आखणाऱ्याच्या हाताप्रमाणे बदलतात, तसेच येथे होते. स्मर्फचा निळा रंग प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो आणि टोपी, विजार, डोळे नंतर रंगवतात. म्हणून हाताळलेल्या बाहुलीच्या टोपीच्या टोकाला आणि विजारीच्या कडेला आतला निळा डोकावतो. एकाच आकृतीच्या हातातली वस्तू एका ठिकाणी पिवळी, तर दुसऱ्या ठिकाणी तपकिरी असेल, बुबुळे कोठे जाड असतील, तर कोठे टिंबाएवढी, आणि निळ्याच्या छटाही वेगळ्या. मात्र उन्हात ठेवल्याने उडालेला रंग म्हणजे भेद नव्हे, आणि एखाद्याच बाहुलीवर कुंचला घसरला असेल तर तीही केवळ चूक. तोच फरक निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या पाच-सहा नगांवर दिसला, तरच मी त्याची वहीत नोंद करतो. नव्याने रंग चढवून ‘दुर्मीळ’ म्हणून विकलेले नगही पुष्कळ असतात. भिंगातून पाहिले की असा रंग झिजलेल्या कडेवरून आणि ओरखड्याच्या आतूनही गेलेला दिसतो.

लेखातील आणखी एका सल्ल्याविषयी लिहिणे भाग आहे. जुन्या बाहुल्या चिकट होतात, कारण पीव्हीसी मऊ राहावे म्हणून घातलेले द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते. त्या पुसायला लेखात सुचवलेले नखांचा रंग काढण्याचे द्रावण वापरू नये, कारण त्यातील अ‍ॅसिटोनने चिकटपणाबरोबर डोळे आणि टोपीही निघून येतील. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश पुरे. थर्मोकोलच्या खोक्यातही त्या ठेवू नयेत. तेच द्रव्य थर्मोकोलला वितळवते आणि बाहुली त्यात रुतून बसते. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात तर हे लवकर होईल.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. येथील एका बाजारात एका विक्रेत्याने १९७८ हे साल दाखवून पहिल्या खेपेची म्हणून एक बाहुली मला ४० युरोंना दिली. घरी येऊन तळवा धुतला, तेव्हा मळाखालून ‘सीई’ ही अक्षरे वर आली. परत करायला गेलो तेव्हा विक्रेता म्हणाला, की साल तर बरोबर आहे ना? त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच मला फार राग आला. बाहुली मी ठेवून घेतली. ती अजून माझ्या कपाटात आहे आणि तिच्याखालच्या चिठ्ठीवर ‘साचा १९७८, नग १९९० नंतरचा’ असे लिहिले आहे.

पुढील पुरवणीत सालाविषयीची आणि अ‍ॅसिटोनविषयीची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
स्टुटगार्ट, जर्मनी