जाहिरात वगळा, पैसे मात्र थेट पोचवा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की यूट्यूबवरच्या गडकिल्ल्यांवाल्या मुलाच्या व्हिडिओतली जाहिरात न ऐकता पुढे ढकलणं म्हणजे फुकटेपणा आहे. तो उन्हातान्हात गड चढतो, शिलालेख वाचून दाखवतो, आणि आपण त्याची दीड मिनिटंही ऐकायची नाहीत? तुमचं हे म्हणणं मला मनापासून आवडलं, पण पटलं नाही. फोनवर वाद घालण्यापेक्षा नीट लिहावं म्हणून हे पत्र.

यूट्यूबवर जाहिराती दोन तऱ्हेच्या असतात. एक यूट्यूब स्वतः मध्ये आणून घालतं. मोठ्या व्हिडिओंवरच्या अशा जाहिरातींचे 55 टक्के चॅनेलवाल्याला मिळतात. तुम्ही प्रीमियम, म्हणजे यूट्यूबची पैसे भरून घ्यायची वर्गणी, घेतल्यापासून त्या तुम्हाला दिसत नाहीत. तुम्ही भरता त्या पैशांतूनही, तुम्ही जे बघता त्या चॅनेलांना वाटा जातो, त्यामुळे तिथे कुणाचं काही बुडत नाही. दुसरी जाहिरात तो मुलगा स्वतः बोलतो. ती व्हिडिओचाच भाग असते, म्हणून प्रीमियम असूनही जात नाही. "पैसे भरूनही जाहिरात कशी?" असं तुम्ही विचारलं होतंत ना, त्याचं कारण हे.

ह्या दुसऱ्या जाहिरातीचा व्यवहार कंपनी आणि तो मुलगा परस्पर करतात. बहुधा एका व्हिडिओचे अमुक इतके असं आधीच ठरतं, नाहीतर त्याचा कूपन कोड वापरून कुणी वस्तू घेतली की त्यावर कमिशन मिळतं. ठरलेले पैसे तुम्ही ऐकलंत म्हणून वाढत नाहीत आणि ढकललंत म्हणून कमी होत नाहीत. कूपन कोड तर तुम्ही जन्मात वापरणार नाही. एक गोष्ट मात्र खरी. प्रेक्षक कुठे पुढे पळाले, हे चॅनेलवाल्याला आलेखात दिसतं, आणि पुढचा करार करताना एखादी कंपनी तो आलेख मागूही शकते. म्हणजे ढकलण्याचा परिणाम अगदी शून्य नाही. म्हणूनच नुसतं ढकलून मोकळं होऊ नये असं मला वाटतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

आई, आता तुझ्याशी बोलायचंय. गच्चीवरच्या बागेवाल्या त्या ताईंवर तुझा किती विश्वास आहे, मी बघते ना. रंगाच्या जुन्या डब्यात खत करायला तू त्यांच्याकडूनच शिकलीस. कढीपत्त्याचा शेंडा खुडला की बाजूने फुटवे येतात, हे त्यांनी दाखवलं आणि आपल्या नौपाड्याच्या गॅलरीत तो खरंच डवरला. त्याच ताई मध्येच गुडघ्यांच्या कॅप्सूलबद्दल बोलायला लागल्या. तोच आवाज, तीच कुंडी समोर, फक्त हातात कात्रीऐवजी बाटली. तू मागवलीस ह्यात तुझं काय चुकलं? जिने कढीपत्ता जगवला ती बाई खोटं कशाला सांगेल, असंच कुणालाही वाटणार. पण आई, ते बोलणं त्यांचं नसतं. काय म्हणायचं ते मुद्दे कंपनी लिहून देते, आणि पुष्कळदा बोलून झाल्यावर तपासतेही.

त्या बाटलीवर हळदीचा अर्क लिहिलाय. तू रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतेस. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती कॅप्सूल घेऊ नकोस, एकही नको. मला त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगते. जाहिरातींच्या स्वनियमनासाठी ॲस्की नावाची संस्था आहे. तिने 2021 मध्ये नियम केला की पैसे घेऊन बोलत असाल तर तसं ठळक सांगायचं. 2023 मध्ये त्यात भर पडली की आरोग्याबद्दल सल्ला देणाऱ्याने आपलं शिक्षण काय तेही सांगायचं. त्या व्हिडिओत दोन्हींपैकी काही नव्हतं, मी पुन्हा लावून बघितलं.

तेव्हा बाबा, तुम्ही ज्याला फुकटेपणा म्हणता ती मला आईची काळजी वाटते. ज्याच्या ज्ञानासाठी आपण बसलोय ते ज्ञान त्याच्याकडून घ्यावं. गोळ्या, कर्ज, शेअर ह्यांतलं काही त्याच्या तोंडून ऐकायची गरज नाही. गडवाला मुलगा मध्यंतरी रमीची जाहिरात करायचा, आठवतंय? 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली म्हणून ते थांबलं. नाहीतर तुम्ही सौजन्य म्हणून तेही ऐकतच होतात!

लॅपटॉपवर मी तुम्हाला स्पॉन्सरब्लॉक नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, घालून देईन. ते 2019 पासून आहे, फुकट आहे. प्रेक्षकच सांगतात की जाहिरात इथे सुरू होते आणि इथे संपते, बाकीचे त्यावर बरोबर-चूक मत देतात, आणि पुढच्या माणसाला तेवढा तुकडा आपोआप वगळला जातो. खालच्या रेघेवर तो भाग हिरवा दिसतो. चुकून कामाचं काही वगळलं गेलं तर परत मागे जायचं बटणही येतं. तुम्ही कोणता व्हिडिओ बघताय हे नेमकं त्यांच्या सर्व्हरला कळू नये, अशीही सोय त्यात केलेली आहे. टीव्हीवर हे एक्स्टेन्शन चालत नाही, तिथे रिमोटच दाबायचा.

आता बाबा, ह्यात तुमच्यासाठी काम आहे. मी बघते त्या मराठी चॅनेलांवर ही हिरवी खूण बहुतेक वेळा नसतेच, कारण कुणी केलेलीच नसते. आयुष्यभर प्रुफं तपासलीत तुम्ही, काना-मात्रा सुटू दिली नाहीत. जाहिरात कुठल्या सेकंदाला सुरू झाली आणि कुठे संपली, हे तुमच्याइतकं चोख कोण टिपणार? तुम्ही एकदा खूण केलीत की हे एक्स्टेन्शन वापरणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या आईला ती बाटली दिसणार नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. तुम्ही त्या मुलाला यूट्यूबवरूनच सुपर थँक्स, म्हणजे व्हिडिओखाली द्यायची बक्षिसी, पाठवायला निघाला होतात आणि आपलं नाव रंगीत चौकटीत सगळ्यांना दिसणार म्हटल्यावर थांबलात. घंटाळीच्या देवळात कीर्तन संपलं की नोट बारीक घडी करून आरतीच्या ताटात ठेवायचात, कुणाला आकडा कळू नये म्हणून. तुम्हाला ती चौकट रुचणार नाहीच. शिवाय त्यातले 70 टक्केच त्याला मिळतात. चॅनेलचं सभासदत्व घेतलं तरी वाटा तोच, आणि तुमच्या नावापुढे बिल्ला लागतो तो वेगळा.

त्या मुलाने व्हिडिओखालच्या माहितीत यूपीआय आयडी दिलाय. त्यावर पाठवलेत तर सगळेच्या सगळे त्याला पोचतात. बँकेत आहे ते तुमचं नाव त्याला दिसेल, पण तेवढंच, जगाला नाही. दर महिन्याला शंभर रुपये पाठवा किंवा दिवाळीला एकदम, तुमच्या मनाला येईल तसं. पैसे भरताना आयडी माहितीतूनच घ्या. खाली कमेंटमध्ये त्याचाच फोटो लावून कुणी नंबर दिला तर तो भामटा समजा. पिन टाकण्याआधी पडद्यावर नाव कुणाचं येतंय ते वाचा. आणि तुम्हाला काही परत देतो म्हणून कुणी पिन मागितला तर सरळ फोन ठेवा; पैसे घ्यायला पिन लागत नाही.

आई, बागेवाल्या ताईंना मी गेल्या महिन्यापासून थोडे पाठवते. त्यांच्यावर राग आहे, तरी पाठवते. घरखर्च चालायला अशा बाटल्या हातात धराव्या लागू नयेत एवढंच वाटतं. सोबत एक ओळही लिहिली, की तुमच्यामुळे माझ्या आईचा कढीपत्ता जगला, पण कॅप्सूलची जाहिरात कृपा करून करू नका. उत्तर आलेलं नाही.

रविवारी नेरूळहून सकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलने निघते, अकरापर्यंत पोचेन. लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवा. ती बाटली टाकून देऊ नकोस आई, डॉक्टरांना दाखवू आणि 1915 वर ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करू. बिल कुठे ठेवलंयस ते तेवढं शोधून ठेव.

तुमची,
लेक