सूचना : किराणा खरेदीत एकक दर पाहण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सणासुदीचा किराणा भरताना केवळ पाकिटावरील एमआरपी किंवा ‘बचत पॅक’ अशी ठळक अक्षरे पाहून माल निवडू नये, तर एमआरपीजवळ बारीक अक्षरांत छापलेला प्रति ग्रॅम अथवा प्रति किलो दर आवर्जून पाहावा. किलोपेक्षा लहान पाकिटावर हा दर ग्रॅममागे आणि मोठ्यावर किलोमागे असतो. म्हणून तुलनेपूर्वी ग्रॅमचा दर 1000 ने गुणावा.

खाद्यतेलाबाबत विशेष दक्षता घ्यावी, कारण एक लिटर तेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते, परंतु तशाच दिसणाऱ्या काही पिशव्यांत 800 किंवा 750 ग्रॅमच तेल असते आणि स्वस्त वाटणारी पिशवी प्रत्यक्षात महाग पडते. आमच्या मते घरखर्चातील सर्वाधिक गळती येथेच होते.

एमआरपीमध्ये सर्व कर समाविष्ट असल्याने त्यावर वेगळा जीएसटी देऊ नये. कोणी जादा रक्कम घेतल्यास पावती जपून ठेवावी व राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.